कन्झर्व्हेटरीचं छत बदलायचंय : पॉलीकार्बोनेट, काच की कौलं?

किन्सकर | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इंग्लंडात मिल्टन कीन्सला आमचं सेमी-डिटॅच्ड घर आहे. आधीच्या मालकाने मागच्या अंगाला कन्झर्व्हेटरी बांधून ठेवली आहे, २००३-०४ च्या सुमाराची. ज्यांनी हे प्रकरण पाहिलं नाही त्यांच्यासाठी : मांडीएवढ्या उंचीची विटांची भिंत, तिच्यावर यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) चौकटीत काचा आणि वर दुधी पॉलीकार्बोनेटचं, म्हणजे पोकळ प्लास्टिक शीटचं छत. घराच्या भिंतीलगत साडेतीन मीटर, बाहेर तीन मीटर. तोंड नैर्ऋत्येला.

डिसेंबर ते मार्च आत पाय ठेववत नाही. जून-जुलैत दुपारी शिरलं की भट्टी. पाऊस आला की डोक्यावर ताशा वाजतो, ऑफिसचा कॉल घेणं अशक्य. सध्या तिथे मुलांच्या सायकली, कपडे वाळत घालायचा स्टँड आणि बायकोचा कढीपत्ता एवढीच वस्ती आहे.

तीन कोटेशनं आली. नवीन २५ मिमी पॉलीकार्बोनेट ३,६०० पौंड. काच ७,८०० पौंड. हलकी कौलं, आतून इन्सुलेशन आणि प्लास्टर केलेलं सीलिंग १२,५०० पौंड. तिसऱ्याचा सेल्समन म्हणतो, वर्षभर वापरा, हीटिंगचं बिलही उतरेल. मला तिथे ऑफिस हवंय, म्हणून माझा कल कौलांकडे. बायको म्हणते, वरून झाकलंस की कढीपत्ता मरेल आणि हॉलमध्ये अंधार होईल. मे महिन्यात आई-बाबा सांगलीहून येताहेत, त्याआधी उरकायचंय. स्वानुभव असतील तर सांगा.

शिल्पा_स्लाव | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

आम्ही कौलं करून घेतली. खोली झकास झाली, पावसाचा आवाज गेला, मुलं तिथे अभ्यासाला बसतात. पण तुमच्या मिसेस म्हणतात त्यात तथ्य आहे. आमच्या हॉलला उजेड फक्त कन्झर्व्हेटरीतूनच यायचा. आता नोव्हेंबरात दुपारी दोनला दिवा लावावा लागतो. नंतर छताला एक खिडकी बसवायची म्हटलं तर तिचे पैसे वेगळे, म्हणून राहिलंच. उजेडाचं काय करणार ते आधी ठरवा, मग सही करा.

खडूस_काका | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

१२,५०० पौंड म्हणजे चौदा-पंधरा लाख! एवढ्यात आमच्याकडे अख्खं घर शाकारून गणपतीचा पाच दिवसांचा खर्च निघेल. आणि कौलं खरी असतील, हलकी नव्हे.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

राजापूरची_मी | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

काका, खरी कौलं घातली असतीत तर माकडं येऊन गेली की कळलं असतं तुम्हाला, दर वर्षी नवी कौलं आणायचा खर्च किती ते. आमच्याकडे आता अर्ध्या वाडीने पत्रे घातलेत, तेवढ्याचसाठी.

वासे_मोजणारा | १३ ऑक्टोबर, दुपारी १:२०

लीड्सला स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे, त्यामुळे आयडीवर हसू नका. थोडी आकडेमोड करतो.

यू-व्हॅल्यू म्हणजे आतबाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता बाहेर जाते. तुमचं जुनं छत १६ मिमी असावं, त्याची साधारण २.४. चांगल्या काचेची १.२ च्या आसपास. कौलांच्या इन्सुलेटेड छताची ०.१६. छताचं क्षेत्रफळ ११ चौ.मी. धरू. बाहेर ५ अंश, आत २० अंश, म्हणजे फरक १५. तर छतातून जाणारी उष्णता : आत्ता सुमारे ४०० वॉट, काच घातलीत तर २०० आणि कौलं घातलीत तर फक्त २५-३०.

हे ऐकून सेल्समन उड्या मारेल. पण भिंतींकडे बघा. तीन बाजू मिळून साडेनऊ मीटर, दीड मीटर उंचीच्या काचा, म्हणजे १४ चौ.मी. वीस वर्षांपूर्वीच्या डबल ग्लेझिंगची यू-व्हॅल्यू २.८ धरली तर तिथून ६०० वॉट चाललेत. छताला सोन्याचा मुलामा दिलात तरी हे ६०० तसेच राहणार. जमीन आणि फटी वेगळ्याच. एकूण गळती हजारावरून सव्वासहाशेवर येते. कमी नाही, पण “घरातल्या इतर खोल्यांसारखी खोली” हे काही खरं नाही.

आता बिल. वर्षातले १५० दिवस रोज ८ तास खोली गरम केलीत तर वाचतात ४५० युनिट. विजेचा हीटर असेल आणि युनिटला २५-२७ पेन्स धरले तर वर्षाला सव्वाशे पौंडांच्या आत. पॉलीकार्बोनेटपेक्षा ८,९०० पौंड जास्त देऊन वर्षाला सव्वाशे वाचवायचे असतील तर नातवंडांच्या नावावर करून ठेवा. बिल कमी होतं म्हणून छत बदलू नका. तिथे बसायचं असेल तर बदला.

टमरेल | १३ ऑक्टोबर, दुपारी १:४५

+१. प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

ब्रमी_बंड्या | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५०

चौथा पर्यायही तुमच्या लेटरबॉक्सात पडला असेल : “जुनं छत न काढता आतून इन्सुलेशन, काम दोन दिवसांत.” आमच्या बर्मिंगहॅमच्या घरात आधीच्या मालकाने ते केलं होतं. पॉलीकार्बोनेटच्या खाली चांदीसारख्या कागदाची गादी, तिच्याखाली पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या. दिसायला एकदम टापटीप. दुसऱ्या हिवाळ्यात पट्ट्यांच्या सांध्यांतून तपकिरी पाणी ओघळायला लागलं. एक पट्टी उचकटली तर वरच्या लाकडी रिपा काळ्याठिक्कर, बोट घातलं तर भुसा हातात. घरातली दमट हवा सांध्यांतून वर जाते, थंडगार पॉलीकार्बोनेटला लागून तिचं पाणी होतं आणि वर हवा खेळायला जागाच ठेवलेली नसते. ज्या कंपनीने काम केलं तिचा फोन आता लागत नाही.

हे काम नीट होऊच शकत नाही असं नाही. वर हवा खेळायला पोकळी आणि खालून दमट हवा अडवणारा सलग पडदा हवा. पण दोन दिवसांत करून देणारे त्या भानगडीत पडत नाहीत.

नियमाने | १३ ऑक्टोबर, रात्री ९:१०

काही वर्षं कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलमध्ये (बांधकाम नियमांत बसतं का ते तपासणारं खातं) होते, म्हणून रुक्ष प्रतिसाद.

इंग्लंडात कन्झर्व्हेटरीला बिल्डिंग रेग्युलेशनमधून सूट मिळते ती काही अटींवर : जमिनीलगत हवी, ३० चौ.मी. च्या आत हवी, घर आणि तिच्यामध्ये बाहेरच्या दर्जाची भिंत आणि दारं हवीत, घराचं हीटिंग तिच्यात वाढवलेलं नको. काचा आणि वायरिंग यांना मात्र नियम लागतातच. २०१० पर्यंत छताचा तीन-चतुर्थांश आणि भिंतींचा निम्मा भाग उजेड आत सोडणारा हवा असंही स्पष्ट लिहिलेलं असायचं. तो आकडा गेला, पण बंद छत घातलंत की ती कन्झर्व्हेटरी राहिली नाही, असंच धरलं जातं. म्हणजे कौलांसाठी अर्ज, तपासणी आणि शेवटी कम्प्लिशन सर्टिफिकेट हे सगळं आलं. पॉलीकार्बोनेटच्या जागी पॉलीकार्बोनेट किंवा काच घातली तर सहसा ही पाळी येत नाही.

सर्टिफिकेट नसेल तर छत कोसळत नाही. घर विकायला काढता तेव्हा समोरच्याचा सॉलिसिटर (वकील) ते मागतो आणि तुम्ही ड्रॉवर उपसत बसता. कंपनी म्हणाली, “परवानगी लागत नाही, आम्ही नेहमी असंच करतो,” तर तिला चहा पाजून वाटेला लावा.

आणि मधलं दार काढून हॉल आणि कन्झर्व्हेटरी एक करायचा मोह होईल. तसं केलंत तर प्रकरण आणखी वाढतं.

कुंडीबाज | १३ ऑक्टोबर, रात्री ११:३०

कढीपत्त्यावर कोणीच बोललं नाही म्हणून आलो.

किन्सकर, तुमच्याकडे अक्षांश ५२. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेचौदा अंश वर असतो. तो छतातून कशाला येईल? बाजूच्या काचांतून सरळ आत येतो. छतावर ऊन आपटतं ते जूनमध्ये, तेव्हा तो साडेएकसष्ट अंशांवर असतो आणि नेमकं तेव्हाच ते तुम्हाला नको असतं. तुमची कन्झर्व्हेटरी नैर्ऋत्येला, म्हणजे हिवाळ्यातलं दुपारचं ऊन आडवं मिळणारच. कढीपत्ता इथे उजेडाअभावी कमी आणि गारठ्याने जास्त मरतो. रात्रीचं तापमान १० अंशांखाली राहायला लागलं की पानं गाळतो. थंड पॉलीकार्बोनेटखाली ठेवण्यापेक्षा उबदार बंद छताखाली, काचेशी चिकटवून ठेवलात तर बरा जगेल. हिवाळ्यात पाणी मात्र अगदी बेताचं.

अवांतर : उन्हाचा हा त्रास नवा नाही. लंडनला क्यू गार्डन्समधलं पाम हाऊस १८४४ ते १८४८ मध्ये बांधलं, तेव्हा झाडं करपू नयेत म्हणून तांब्याचा ऑक्साइड मिसळलेली हिरवट काच मुद्दाम बनवून घेतली होती. आज “सोलर कंट्रोल ग्लास” म्हणून जे विकतात त्याचाच खापरपणजोबा. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर काढला आणि मग काचघरांचं पेवच फुटलं. १८५१ चा क्रिस्टल पॅलेस त्यातलाच, आणि त्याच्यावरून बंगळुरूच्या लालबागेतलं काचघर, १८८९ चं. तिथे आता पुष्पप्रदर्शनं भरतात.

शिल्पा_स्लाव | १४ ऑक्टोबर, सकाळी ८:००

कुंडीबाज, सूर्याचा हिशोब पटला, पण सूर्य दिसतो कधी हो इथे? आमच्या हॉलचा अंधार ढगाळ दिवसांचाच आहे.

वासे_मोजणारा | १४ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

शिल्पाताईंचा मुद्दा बिनतोड आहे. पूर्ण ढगाळ आभाळ डोक्यावर क्षितिजापेक्षा तिप्पट उजळ असतं, दिवसाउजेडाची आकडेमोड त्याच गृहीतकावर करतात. म्हणजे ऊन पडलेलं असताना बाजूच्या काचा कामाच्या आणि मळभ असताना छत कामाचं. कढीपत्त्याची बाजू कुंडीबाजांनी जिंकली, हॉलची बाजू वहिनींनी.

खडूस_काका | १४ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

वहिनी जिंकल्या हे आकडे न मांडताही सांगता आलं असतं.

नोटीसबोर्ड | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

पुण्यातून. आमच्या टेरेसवर पॉलीकार्बोनेट घातलं त्याला बरीच वर्षं झाली. (सोसायटीची नोटीस आली, महापालिकेची भीती दाखवून झाली, तो धागा वेगळा.) पत्र्यांपेक्षा उजेडाला छान, पण काही गोष्टी बघून घ्या. शीटच्या एकाच बाजूला उन्हातले यूव्ही किरण अडवणारा थर असतो, ती बाजू आभाळाकडे हवी. आमच्या शेजाऱ्यांच्या कामगाराने उलटी लावली, शीट पिवळी पडून कडकडीत झाली. पोकळ शीटच्या वरच्या तोंडाला बंद टेप आणि खालच्या तोंडाला हवा सोडणारी टेप लागते, नाहीतर नळ्यांत शेवाळं आणि किडे. ते आतून पुसता येत नाही.

आणि ही शीट उन्हात वाढते. तीन मीटरच्या शीटला ४० अंशांचा फरक पडला तर जवळजवळ ८ मिलिमीटर. स्क्रूचं भोक स्क्रूएवढंच ठेवलं तर दुपारी कट्‌कट् आवाज येतात आणि पुढे भोकापासून तडा जातो.

पण गारा पडल्या तेव्हा शेजारच्या बंगल्याचे सिमेंटचे पत्रे फुटले, आमचं काही झालं नाही. हेही लिहिलं पाहिजे.

मृण्मयी_टी | १४ ऑक्टोबर, दुपारी २:०५

काचेचं छत म्हटलं की मला एकच भीती. डोक्यावर फुटली तर?

वासे_मोजणारा | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

छतात साधी काच लावतच नाहीत. टफन्ड काच फुटली तर तिचे खडीसाखरेएवढे बोथट तुकडे होतात. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पापुद्रा असतो, त्यामुळे तडकली तरी तुकडे खाली न पडता चिकटून राहतात. वर टफन्ड आणि आतल्या बाजूला लॅमिनेटेड मागा. टफन्ड काच क्वचित काही कारण न दिसता फुटते. काचेत अडकलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण हळूहळू फुगतो, त्यामुळे हे होतं. अशा काचा कारखान्यातच फुटून जाव्यात म्हणून त्या तापवून बघतात, तिला हीट सोक चाचणी म्हणतात, ती केली आहे का विचारा.

काचेचा खरा प्रश्न वजनाचा. एक मिलिमीटर जाडीची एक चौ.मी. काच अडीच किलो भरते. ४ अधिक ४ मिमीचं डबल ग्लेझिंग म्हणजे चौ.मी. ला २० किलो, तुमच्या छताला सव्वादोनशे किलो. लॅमिनेटेड घेतलीत की आणखी वर. २५ मिमी पॉलीकार्बोनेट चौ.मी. ला साडेतीन किलो, सगळं मिळून चाळीसच्या आत. म्हणजे शीट काढून तिथेच काच बसवली असं होत नाही. वासे बदलावे लागतात आणि खालच्या यूपीव्हीसीच्या चौकटीत कोपऱ्यांना अ‍ॅल्युमिनियमचे खांब आहेत का, पाया किती खोल आहे, हे बघावं लागतं. कोटेशन देणाऱ्यांपैकी पाया कोणी बघितला?

किन्सकर | १४ ऑक्टोबर, रात्री ८:४५

बापरे, केवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. पाया कोणीच बघितला नाही. एकाने टेप लावून लांबी-रुंदी मोजली, दुसऱ्याने फोटो काढले, तिसरा आमच्या सोफ्यावर बसून दोन तास बोलला आणि “आजच सही केलीत तर ३० टक्के सूट” म्हणाला.

उन्हाळ्याचं कोणी सांगेल का? १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमध्ये ४०.३ अंशांचा विक्रम झाला त्या दिवशी आम्ही कन्झर्व्हेटरीचं दार बंद करून त्याला आतून चादर लावली होती. काचेने ते वाढेल का?

वासे_मोजणारा | १४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

साध्या काचेने वाढेल. जुलैतल्या दुपारी छतावर चौ.मी. ला ७५० वॉट ऊन धरलं तर ११ चौ.मी. वर सव्वाआठ किलोवॉट. क्लिअर डबल ग्लेझिंग त्यातलं ७० टक्के आत सोडतं, म्हणजे पावणेसहा किलोवॉट. तीन मोठे हीटर चालू ठेवल्यासारखं. सोलर कंट्रोल काच ३० टक्क्यांच्या आसपास सोडते, म्हणजे अडीच. कोटेशनात नुसतं “ग्लास” लिहिलं असेल तर जी-व्हॅल्यू, म्हणजे काच उन्हातली किती उष्णता आत सोडते तो आकडा, लिहून मागा. तो आकडा नसेल तर ७,८०० पौंडांत नक्की काय मिळणार ते कोणालाच ठाऊक नाही. आणि काहीही घाला, छताच्या वरच्या कडेला उघडणारी एक खिडकी घ्याच. गरम हवा वर जाते, तिला वाट दिली की निम्मं काम होतं.

एडिसनवाली | १५ ऑक्टोबर, पहाटे ३:१०

न्यू जर्सीहून. आमच्याकडे याला सनरूम म्हणतात आणि बर्फाच्या वजनाचा हिशोब केल्याशिवाय टाउनशिप परमिट देत नाही. तुमच्याकडे बर्फ कमी, पण घराच्या मोठ्या छतावरचा बर्फ घसरून खालच्या छतावर एकदम आदळतो, तेवढं लक्षात ठेवा. मैत्रिणीच्या सनरूमचा गटर असाच उखडला.

राजापूरची_मी | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

मला त्यांच्या यू-व्हॅल्यूतलं काही कळत नाही. पण एक सांगते. आमच्या जुन्या घराला मंगलोरी कौलं, माजघरात भर दुपारी अंधार असायला हवा. तो नसायचा, कारण आजोबांनी पाख्यात मधे मधे काचेची कौलं बसवून घेतली होती. आकाराने कौलासारखीच, फक्त काचेची. एक चुलीवर, एक जात्याजवळ, एक देवासमोर. सगळं छप्पर काचेचं करायची गरज कोणालाच वाटली नाही, उजेड जिथे लागतो तिथेच घेतला. उन्हाचा कवडसा जमिनीवर कुठे आलाय त्यावरून आजी भात टाकायची.

तुमच्याकडे असं अर्धं-अर्धं करत नाहीत का?

किन्सकर | १५ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

हे भारीच! हायब्रिड रूफ म्हणून काहीतरी एका पत्रकात होतं खरं.

वासे_मोजणारा | १५ ऑक्टोबर, दुपारी १:००

राजापूरच्या ताईंनी आमच्या धंद्यातला उत्तम सल्ला दिला. पण त्याआधी एक प्रश्न, जो मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता : छताला उतार किती? घराला टेकलेली वरची कड आणि बाहेरची कड, यांच्या उंचीत फरक किती? आणि वर पहिल्या मजल्याची खिडकी आहे का?

किन्सकर | १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:२०

एकाच बाजूला उतरतं छत आहे. आत्ता शिडी लावून मोजलं. तीन मीटरला ४५ सेंटिमीटर फरक. वर बाथरूमची खिडकी आहे, तिची खालची चौकट छताच्या वरच्या कडेपासून फक्त २० सेंटिमीटरवर.

वासे_मोजणारा | १५ ऑक्टोबर, रात्री ८:००

मग निम्मा धागा रद्द. :)

तुमचा उतार साडेआठ अंश. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक हलक्या कौलांना १२ ते १५ अंश लागतात, त्याखाली वाऱ्याने पाणी कौलांच्या सांध्यांत उलटं चढतं. १५ अंशांसाठी वरची कड ८० सेंटिमीटर उचलावी लागेल, म्हणजे आणखी ३५. खिडकीखाली जागा २०, त्यातले १५ शिशाच्या फ्लॅशिंगला (छत भिंतीला मिळतं तिथे पाणी अडवणारी पट्टी) हवेत. उरले ५. बाथरूमची खिडकी लहान केल्याशिवाय, किंवा पुढची कड इतकी खाली आणल्याशिवाय की दारातून वाकून जावं लागेल, कौलं बसत नाहीत. १२,५०० वाल्याने हे मोजलं नसेल तर तो काम सुरू झाल्यावर “एक्स्ट्रा” मागणार किंवा उतार तसाच ठेवून कौलं ठोकणार. त्याचा परिणाम तुम्हाला पहिल्या नोव्हेंबरात कळेल.

ब्रमी_बंड्या | १५ ऑक्टोबर, रात्री ८:१०

दोन तास सोफ्यावर बसला आणि एक मिनिट शिडीवर चढला नाही!

नोटीसबोर्ड | १५ ऑक्टोबर, रात्री ८:४०

मग पॉलीकार्बोनेटच बरं की. ३५ मिमीचं घ्या, वाचलेल्या पैशांत एक चांगला एसी-हीट पंप बसवा, आई-बाबाही खूश. उगाच कशाला काच?

शिल्पा_स्लाव | १५ ऑक्टोबर, रात्री ९:००

नोटीसबोर्ड, असहमत. त्यांना तिथे कॉल घ्यायचेत. ३५ मिमी घ्या नाहीतर ५० घ्या, पाऊस वाजतोच. आणि इथला पाऊस पुण्यासारखा चार महिने पडून गावाला जात नाही.

वासे_मोजणारा | १५ ऑक्टोबर, रात्री ९:४५

आवाजाला वजन लागतं आणि पॉलीकार्बोनेटला वजनच नाही. शिल्पाताईंशी सहमत.

कमी उताराला चालणारे पर्याय दोन. एक, सोलर कंट्रोल काच. ती अशा उताराला आरामात चालते, पाणी आणि पाचोळा थोडा रेंगाळतो एवढंच. दोन, इन्सुलेटेड पॅनेल : दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मधे फोम. तीही कमी उताराला चालतात. आणि काच नि पॅनेल एकाच प्रकारच्या वाशांत शेजारी शेजारी बसवता येतात, म्हणजे राजापुरी पद्धत शक्य आहे. पॅनेल घेताना आत आवाज मारणारा थर आहे का ते विचारा, नाहीतर पत्र्याखाली बसल्याचा आनंद मिळेल.

कुंडीबाज | १५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

काच कुठे आणि पॅनेल कुठे, हेही ठरवा. बहुतेक लोक काच बाहेरच्या कडेला घेतात, कारण तिथे बसून आभाळ दिसतं. तुमचा प्रश्न हॉलच्या उजेडाचा आहे, तर काचेचा पट्टा घराच्या भिंतीलगत घ्या. वरून आलेला उजेड थेट हॉलच्या दारात पडेल. ऑफिसचं टेबल बाहेरच्या अंगाला, पॅनेलखाली, म्हणजे स्क्रीनवर चमकणार नाही. मधे पडदे असतील तर तेवढे काढा.

नियमाने | १६ ऑक्टोबर, सकाळी ९:००

छताचा बराच भाग बंद होणार असेल तर पॅनेल असो की कौल, आधी बिल्डिंग कंट्रोलला विचारा. ते बहुधा पायाशेजारी एक खड्डा खणून दाखवायला सांगतील. कुदळ घरचीच वापरा.

मृण्मयी_टी | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

अवांतर : माझ्या गोव्याच्या मामीकडे बाल्कांवच्या (दारापुढच्या ओसरीच्या) आतल्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चौकोनी चकत्या आहेत. दुपारी आत इतका मऊ उजेड येतो. सोलर कंट्रोलचा विषय निघाला म्हणून आठवलं. त्या चकत्या बसवणारे कारागीर आता मिळत नाहीत म्हणते मामी.

खडूस_काका | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

इंग्लंडच्या छतावरून निघालेला धागा राजापूरमार्गे गोव्याला पोहोचला. आता कोणीतरी फिश थाळीचा विषय काढा म्हणजे शंभरी गाठता येईल.

टमरेल | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:५५

काका, पुण्यात चांगली मिळते कुठे?

किन्सकर | ३ फेब्रुवारी, रात्री ९:१०

धागा वर काढतोय. अपडेट द्यायचा राहिला होता.

कौलंवाल्याला उताराचं विचारलं. म्हणाला, “आमचे फिटर्स बघून घेतील.” त्याला नमस्कार केला. दुसऱ्या एका स्थानिक माणसाला बोलावलं. तो आला तोच शिडी आणि डिजिटल लेव्हल घेऊन, आणि पहिला प्रश्न बाथरूमच्या खिडकीचा. ठरलं असं : घराच्या भिंतीलगत एक मीटरचा पट्टा सोलर कंट्रोल काचेचा, वर टफन्ड, आत लॅमिनेटेड, त्यात उघडणारी एक खिडकी. बाहेरचे दोन मीटर पॅनेल. वासे नवीन. ९,४०० पौंड. जी-व्हॅल्यू आणि यू-व्हॅल्यू दोन्ही कोटेशनवर लिहून घेतल्या. बिल्डिंग कंट्रोलला नोटीस दिली आहे. खड्डा खणला, पाया त्यांच्या समाधानापुरता खोल निघाला. कोपऱ्यांत अ‍ॅल्युमिनियमचे खांब होते, नशीब. काम मार्चच्या शेवटी.

बाजूच्या काचांचं वासेरावांनी सांगितलेलं ६०० वॉटचं प्रकरण पुढच्या वर्षावर ढकललंय. तोवर मोठ्या काचांना जाड पडदे.

वासे_मोजणारा | ३ फेब्रुवारी, रात्री १०:००

झकास निवड. फक्त काच आणि पॅनेल जिथे भेटतात त्या आडव्या सांध्याची डिटेल कागदावर मागून घ्या. वरून येणारं पाणी तिथे अडायला नको. साडेआठ अंशांना ती पट्टी पॅनेलच्या वर उभी राहिली तर तिच्यामागे डबकं साठतं. अशा छतांच्या गळतीच्या तक्रारी आल्या की मी आधी तिथेच बघतो.

किन्सकर | ३ फेब्रुवारी, रात्री १०:२५

हे विचारलंच नव्हतं. उद्या फोन करतो.

नियमाने | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

आणि सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

किन्सकर | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

दहा टक्के राखून ठेवायचं करारातच घातलंय.

खडूस_काका | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

सांगलीचे असून पुणेकरांसारखं वागलात. अभिनंदन.